जँगोचं पोर्टल आणि रेडमाईन: जोडणी नेमकी कुठे करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडमधली एक छोटी टीम आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या देखभालीची कामं घेणाऱ्या कंपनीसाठी त्यांनी जँगोमध्ये (पायथनमधली वेबसाइट उभारायची चौकट) पोर्टल केलंय. रहिवासी त्यावर तक्रारी टाकतात: गळती, लिफ्ट, पंप, तुंबलेलं गटार. कंपनीची आतली कामं मात्र आधीपासून रेडमाईनवर, म्हणजे कामांची तिकिटं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतात आणि सुपरवायझर मंडळी ते सोडायला तयार नाहीत. सध्या ऑफिसमधली एक मुलगी पोर्टलवरच्या तक्रारी एकेक करून रेडमाईनमध्ये उतरवते. पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून हे आपोआप व्हायला हवंय. विचारलेल्या गोष्टी तीन: जँगोमधून रेडमाईनच्या टेबलांत थेट लिहिलं तर चालेल का, रेडमाईनमधले बदल परत आणायला वेबहुकचं (बदल होताच दुसऱ्या सॉफ्टवेअरला आपणहून कळवणारं) प्लगइन टाकावं का, आणि रहिवाशांना दोन्हीकडे एकच लॉगिन कसं द्यायचं.

आधी एक उलट प्रश्न. रेडमाईन वापरणारी माणसं किती आहेत? दोघं-तिघंच असतील तर ही जोडणी करूच नका. जँगोच्या अ‍ॅडमिनमध्ये एक तक्रारींचं टेबल, स्थितीचा एक फिल्टर, शेरे लिहायला एक इनलाइन, एवढ्यावर काम भागतं. पण सुपरवायझरांची फौज असेल, कामाचे तास आणि उपकामं रेडमाईनमध्येच नोंदली जात असतील, तर त्यांची सवय मोडण्यात अर्थ नाही. तुमचं प्रकरण दुसऱ्या प्रकारचं दिसतंय, म्हणून पुढे लिहितो.

थेट टेबलांत लिहायचा मोह मी समजू शकतो. जँगोत दुसरा डेटाबेस जोडणं म्हणजे सेटिंगमध्ये चार ओळी, इन्स्पेक्ट-डीबी ही कमांड चालवली की मॉडेलं तयार. पण रेडमाईन हे रेल्स या रूबी भाषेतल्या चौकटीवरचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याचे नियम टेबलांत नाहीत, रूबीच्या कोडमध्ये आहेत. इश्यूजच्या, म्हणजे तिकिटांच्या, टेबलात रूट आयडी, एलएफटी आणि आरजीटी असे तीन कॉलम आहेत. उपकामांचं झाड त्यांवर उभं असतं. तुम्ही बाहेरून ओळ घुसवली आणि हे तीन आकडे नीट भरले नाहीत, तर ओळ यादीत दिसेल, पण त्या तिकिटाखाली कुणी उपकाम जोडायला गेलं की गोंधळ सुरू होईल. कस्टम फील्डमधली, म्हणजे स्वतः वाढवलेल्या रकान्यांतली, माहिती वेगळ्या टेबलात, बदलांचा इतिहास आणखी दोन टेबलांत. सुपरवायझरला जाणारी मेल तर जाणारच नाही, कारण ती रेल्स पाठवतं, डेटाबेस नव्हे. शेजाऱ्याकडे जायला मधली भिंत फोडायची नाही, दार वाजवायचं. दार म्हणजे रेडमाईनचं रेस्ट एपीआय, बाहेरच्या सॉफ्टवेअरने बोलण्यासाठी ठेवलेला अधिकृत मार्ग. ते मुळात बंद असतं, प्रशासन विभागातल्या सेटिंगमध्ये एपीआयच्या टॅबवर जाऊन चालू करावं लागतं.

जोडणी पातळ ठेवण्याचं एक उत्तम उदाहरण खुद्द जँगोच्या घरात आहे. त्यांनी २०१२ मध्ये कोड गिटहबवर नेला, पण तिकिटं ट्रॅक नावाच्या जुन्या ट्रॅकरवरच ठेवली आणि ती अजून तिथेच आहेत. ट्रॅक पायथनमध्ये लिहिलेलं आहे, तरी त्याला जँगोत ओढून घेण्याचा खटाटोप कुणी केला नाही. कोडमधला बदल आणि तिकीट यांना बांधून ठेवतो तो मुख्यतः कमिटच्या (कोडमधला बदल नोंदवतानाच्या) संदेशात सुरुवातीला लिहिलेला तिकीट क्रमांक. तुम्हालाही मुळात एवढंच हवंय: पोर्टलच्या तक्रारीला रेडमाईनचा क्रमांक माहीत असावा आणि रेडमाईनच्या तिकिटाला पोर्टलचा. बाकी सगळं या दोन आकड्यांभोवती फिरतं.

आता पहिला प्रवास, पोर्टलकडून रेडमाईनकडे. बहुतेक जण व्ह्यूमध्येच (पान मागितलं की चालणाऱ्या जँगोच्या कोडमध्ये) रिक्वेस्ट्स लायब्ररीने एपीआयला हाक मारतात. कोरड्या दिवसांत हे उत्तम चालतं. जुलैमधल्या एखाद्या सकाळी काय होतं ते बघा. रात्रभर पाऊस पडलाय, प्रत्येक इमारतीतल्या वरच्या मजल्यावरचे लोक फोन हातात घेऊन बसलेत. रेडमाईनचा सर्व्हर मंदावतो. रिक्वेस्ट्स लायब्ररीला तुम्ही टाइमआऊट सांगितला नसेल तर ती स्वतःहून कधीच थांबत नाही. त्यामुळे जँगोचा वर्कर, म्हणजे लोकांच्या विनंत्या हाताळणारी प्रोसेस, तिथेच अडकून राहतो. गनिकॉर्न, म्हणजे जँगो चालवणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर, मुळातल्या सेटिंगप्रमाणे ३० सेकंद वाट बघून त्या वर्करला मारून टाकतं. रहिवाशाला पडद्यावर ५०२ ही सर्व्हरची चूक दिसते. तो पुन्हा बटण दाबतो. इकडे रेडमाईनने पहिली तक्रार आरामात का होईना, पण नोंदवलेली असते. एका गळतीची तीन तिकिटं होतात, तीन वेगळ्या प्लंबरांना जातात, आणि लिफ्टची तक्रार टाकायला आलेल्या माणसाला पान उघडतच नाही, कारण सगळे वर्कर रेडमाईनची वाट बघत बसलेत.

म्हणून व्ह्यूमध्ये फक्त आपल्या टेबलात लिहायचं. तक्रार साठवतानाच, त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये, ‘पाठवायच्या गोष्टी’ अशा दुसऱ्या टेबलात एक ओळ टाकायची. दोन्ही एकत्र साठतील, नाहीतर दोन्ही नाहीत. रहिवाशाला लगेच पोर्टलचा क्रमांक द्यायचा. पाठवण्याचं काम मागे, वेगळ्या प्रोसेसने करायचं. लोक यासाठी लगेच सेलरी आणि रेडिस ही कामांची रांग सांभाळणारी जोडी उभी करतात. तुमच्या आकाराला त्याची गरज नाही. एक मॅनेजमेंट कमांड, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर मिनिटाला. ओळी उचलताना सिलेक्ट फॉर अपडेट वापरा आणि त्यात स्किप लॉक्ड चालू ठेवा, म्हणजे आधीची फेरी रेंगाळली तरी दुसरी फेरी तीच ओळ उचलणार नाही. सेलरी आधीच असेल तर जरूर वापरा, पण टास्क ऑन-कमिटच्या आत टाका. नाहीतर ट्रॅन्झॅक्शन पूर्ण होण्याआधीच टास्क धावतो आणि त्याला तक्रार सापडतच नाही. पोस्ट-सेव्ह सिग्नलवर (ओळ साठली की जँगो देतं त्या सूचनेवर) ही जोडणी टांगू नका. बल्क क्रिएट किंवा क्वेरीसेटवरच्या अपडेटने झालेल्या बदलांना तो सिग्नल मिळतच नाही, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी एक्सेलमधून तक्रारी आयात करतो तेव्हा हे लक्षात येतं.

दुबार नोंदीचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. कमांडने तिकीट पाठवलं, रेडमाईनने नोंदवलं, पण उत्तर परत येताना नेटवर्क तुटलं, तर? पुढच्या फेरीत तुम्ही पुन्हा पाठवणार. तेव्हा रेडमाईनमध्ये ‘पोर्टल क्रमांक’ नावाचं कस्टम फील्ड करा आणि पुन्हा पाठवण्याआधी त्या क्रमांकाचं तिकीट आहे का ते एपीआयला विचारा. इथे रेडमाईनचे दोन खोडकर स्वभाव माहीत असायला हवेत, कारण दोन्ही गुपचूप घात करतात.

एक, इश्यूंची यादी मागितली की ते फक्त उघडी तिकिटं देतं. सुपरवायझरने चटकन तिकीट बंद केलं असेल तर तुमच्या शोधात ते येणारच नाही आणि तुम्ही दुसरं तयार कराल. स्टेटस आयडीच्या जागी तारांकन द्यायचं, मग बंद झालेलीही मिळतात. दुसरा स्वभाव जास्त धोकादायक. कस्टम फील्डवर ‘फिल्टर म्हणून वापरा’ ही खूण केलेली नसेल, तर तुमची अट रेडमाईन सरळ सोडून देतं. चूक झाली असं सांगतही नाही. तुम्हाला मिळतात सगळीच तिकिटं, आणि तुमचा कोड त्यातलं पहिलं उचलून म्हणतो, सापडलं! कांजूरच्या सोसायटीतली पाण्याची तक्रार भांडुपच्या लिफ्टला जोडली जाते. त्यामुळे आलेल्या प्रत्येक तिकिटातला पोर्टल क्रमांक पुन्हा एकदा स्वतः जुळवून बघा. दोन ओळींचा कोड आहे, पण तो नसला की दिवसभर चुकीच्या माणसांना फोन जातात.

गुपचूप दुर्लक्ष करण्याची ही सवय लिहितानाही दिसते. कस्टम फील्ड त्या प्रोजेक्टला किंवा ट्रॅकरला (रेडमाईनमध्ये तिकिटाच्या प्रकाराला) लावलेलं नसेल तर त्यात भरलेली माहिती गाळली जाते, तिकीट मात्र तयार होतं. एखादं तिकीट ‘नवीन’वरून थेट ‘बंद’ करायची परवानगी वर्कफ्लोमध्ये तुमच्या खात्याला नसेल, तर एपीआय यशाचा २०४ देतं आणि स्थिती होती तीच राहते. लॉगमध्ये सगळं हिरवं. म्हणून लिहिल्यावर तिकीट पुन्हा वाचा आणि बदललं का ते तपासा. ४२२, म्हणजे ‘माहिती चुकीची’ असा नकार, आला तर त्यातला चुकांचा मजकूर जसाच्या तसा तुमच्या ‘पाठवायच्या गोष्टी’च्या ओळीत साठवा आणि पुन्हा प्रयत्न करू नका. तो कितीही वेळा पाठवला तरी ४२२च येणार. टाइमआऊट आणि ५०० च्या घरातल्या चुका मात्र थोडं थांबून, दर वेळी अंतर वाढवत, पुन्हा पाठवायच्या.

मजकुराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठीत काम करणाऱ्यांना हे हमखास नडतं. तुमचं रेडमाईन मायएसक्यूएल या डेटाबेसवर आहे असं तुम्ही लिहिलंय. जुन्या स्थापनेत कॅरेक्टर सेट बहुधा नुसता यूटीएफएट असतो, म्हणजे अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसतं, त्यामुळे चाचणी घेताना ‘बाथरूमच्या छतातून पाणी गळतंय’ हे व्यवस्थित जातं आणि सगळे खूश होतात. खरे लोक मात्र शेवटी हात जोडलेली इमोजी टाकतात. तिला चार बाइट लागतात. मायएसक्यूएल काटेकोर मोडमध्ये असेल तर ती ओळ नाकारतं, रेडमाईन ५०० देतं, आणि तुमची कमांड सर्व्हरची तात्पुरती अडचण समजून तीच तक्रार पुन्हा पुन्हा पाठवत राहते. मी एका ठिकाणी पाहिलंय की सगळ्यात नम्रपणे लिहिलेल्या तक्रारी तेवढ्या अडकून पडल्या होत्या! टेबलं यूटीएफएट-एमबीफोरवर नेणं हा खरा उपाय. रेडमाईनच्या डेटाबेसला हात लावायची परवानगी लगेच मिळत नसेल तर तोवर पाठवताना चार बाइटची अक्षरं काढून टाका. मूळ मजकूर पोर्टलमध्ये आहेच.

विषयाची मर्यादा २५५ अक्षरांची. लोक सगळी कहाणी विषयातच लिहितात, त्यामुळे कापावं लागतं. पायथनमध्ये सरळ २५५ वर कापलं तर कधी जोडाक्षर मधोमध तुटतं आणि शेवटी लोंबता हलन्त राहतो. मागे जाऊन शेवटच्या मोकळ्या जागेवर कापा, एवढं पुरे. आणि एक मुंबईकर गंमत: रहिवासी फ्लॅटचा नंबर ‘#302’ असा, इंग्रजी आकड्यांत लिहितात. रेडमाईनला वाटतं ही तिकीट क्रमांक ३०२ ची लिंक आहे. सुपरवायझर त्यावर टिचकी मारतो आणि कुठल्यातरी जुन्या पंपाच्या तिकिटावर पोचतो. त्या खुणेच्या आधी उद्गारचिन्ह घातलं की लिंक होत नाही, पण त्यापेक्षा रहिवाशाचा अख्खा मजकूर प्री टॅगमध्ये गुंडाळून पाठवणं मला पसंत आहे. डॅश आणि तारांकनांमुळे अक्षरं ठळक होणं, खोडली जाणं, हेही त्यासोबत थांबतं.

फोटो दोन टप्प्यांत जातात. आधी फाइल अपलोडच्या पत्त्यावर पाठवायची, टोकन मिळतं, मग ते टोकन तिकिटात द्यायचं. कंटेंट टाइप ऑक्टेट-स्ट्रीमच हवा, जेपेग लिहिलंत तर ४०६ असा नकार. रेडमाईनमध्ये फाइलची मूळ मर्यादा ५ एमबी असते आणि आजच्या फोनचा फोटो ती सहज ओलांडतो. मर्यादा वाढवण्याऐवजी पोर्टलवरच फोटो लहान करा. गळतीचा डाग छोट्या फोटोतही तेवढाच दिसतो.

परतीचा प्रवास आता. वेबहुकच्या प्लगइनबद्दल माझं मत नकारार्थी आहे. रेडमाईनची प्लगइनं रेल्सच्या आवृत्तीशी घट्ट बांधलेली असतात. रेडमाईन अद्ययावत करायची वेळ आली की प्लगइन चालत नाही म्हणून अख्खं अपग्रेड खोळंबतं, मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही राहून जातात. शिवाय वेबहुक आलं तेव्हा तुमचं पोर्टल बंद असेल तर ती बातमी गेली. तेव्हा हरवलेल्या बातम्या शोधायला तुम्हाला अधूनमधून विचारपूस करणारा कोड लिहावाच लागतो. तोच एकटा लिहा. दर दोन मिनिटांनी ‘अमुक वेळेनंतर बदललेली तिकिटं द्या’ असं विचारायचं. गटाराची स्थिती दोन मिनिटं उशिरा कळली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

हे विचारताना मागच्या फेरीची वेळ जशीच्या तशी वापरू नका. पाच मिनिटं मागे सरकून विचारा, कारण रेडमाईनमधला एखादा बदल उशिरा साठला असेल तर तो दोन फेऱ्यांच्या फटीत पडतो. तेच तिकीट दोनदा आलं तर काही बिघडू नये असा कोड ठेवा. एका पानावर जास्तीत जास्त १०० तिकिटं मिळतात आणि काही न सांगितल्यास २५च, त्यामुळे पानं उलटायला विसरू नका. कायमचं पुसलेलं तिकीट या मार्गाने कधीच कळत नाही. पुसायची परवानगी सगळ्यांकडून काढून घ्या, नको असलेलं तिकीट ‘नाकारलं’ या स्थितीत टाकू दे.

वेळेचं एक. एपीआय वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, देतं. घाईत लोक त्या मजकुराची पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून दाखवतात. मग मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आलेल्या सगळ्या तक्रारींवर आदल्या दिवसाची तारीख पडते. गळत्या नेमक्या त्याच वेळात येतात, आणि सोसायटीचा सेक्रेटरी तारखेवरून भांडायला तयारच असतो. जँगोमध्ये टाइमझोन चालू ठेवा, एशिया/कोलकाता द्या, आणि रूपांतर जँगोलाच करू द्या. तिकिटाची देय तारीख मात्र नुसती तारीख असते, तिला टाइमझोन लावायला जाऊ नका.

रेडमाईनच्या स्थिती रहिवाशांना जशाच्या तशा दाखवू नका. ‘फीडबॅक’ म्हणजे काय हे पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना का कळावं? त्यांना ‘नोंद झाली’, ‘काम सुरू’, ‘तुमच्याकडून माहिती हवी’, ‘पूर्ण’, ‘काम घेता येणार नाही’ एवढं बास. कुठली स्थिती कशात मोडते हे जँगोच्या अ‍ॅडमिनमधल्या छोट्या टेबलात ठेवा, कोडमध्ये नको. रेडमाईनमध्ये कुणी नवी स्थिती काढली आणि ती टेबलात नसेल, तर रहिवाशाला आधीचीच दाखवा आणि स्वतःला मेल करा.

शेऱ्यांच्या बाबतीत मात्र फार जपून. सुपरवायझर तिकिटावर लिहितात: ‘हे गृहस्थ दर महिन्याला खोटी तक्रार करतात.’ रेडमाईनमध्ये अशा शेऱ्याला खासगी अशी खूण करता येते, पण तुमच्या खात्याला खासगी शेरे बघायची परवानगी असेल तर एपीआय तेही देतं, आणि तुमचं पोर्टल ते त्याच गृहस्थांना दाखवतं. खात्याकडून ती परवानगी काढा. त्याहून बरं, शेरे आपोआप दाखवूच नका. ‘रहिवाशांसाठी संदेश’ असं वेगळं कस्टम फील्ड करा आणि फक्त तेच पोर्टलवर आणा. खासगीची खूण करायला माणूस विसरतो. वेगळ्या रकान्यात लिहायचं म्हटलं की आपण कुणाला उद्देशून लिहितोय याचं भान आपोआप येतं.

यातून लॉगिनचा प्रश्न जवळपास निकालात निघतो. रहिवाशांना रेडमाईनमध्ये खातं द्यायचंच नाही. त्यांचं जग पोर्टलपुरतं. जँगोचं सेशन आणि रेल्सची कुकी एकमेकांना वाचता येत नाहीत, त्यांना वाचायला लावण्याच्या भानगडीत पडू नका. जोडणीसाठी रेडमाईनमध्ये एकच खातं, स्वतःची वेगळी भूमिका असलेलं, तिकीट बघणं, टाकणं, बदलणं एवढीच परवानगी. दुसऱ्याच्या नावाने तिकीट टाकायची सोय एपीआयमध्ये आहे, पण तिला प्रशासकाची किल्ली लागते. ती किल्ली पोर्टलच्या सर्व्हरवर ठेवणं मला मान्य नाही. एपीआयची किल्ली हेडरमधून पाठवा. पत्त्यात जोडली तर एनजिनएक्स या वेबसर्व्हरच्या लॉगमध्ये रोज छापली जाते. आणि रहिवाशाचा मोबाइल नंबर तिकिटात नकोच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि तो नसता तरी रेडमाईनच्या मेलमधून तो नंबर किती इनबॉक्सांत पसरतो ते बघा. तिकिटात पोर्टलची लिंक द्या, ज्याला नंबर हवा तो लॉगिन करून बघेल. सुपरवायझरांना मात्र दोन पासवर्डांचा कंटाळा येणारच. कंपनीत एलडॅप (सगळ्यांची खाती एकत्र ठेवणारी यादी) असेल तर रेडमाईनमध्ये त्याची सोय अंगचीच आहे आणि जँगोसाठी तयार पॅकेज मिळतं. नसेल तर तेवढ्यासाठी उभारू नका.

पावसाआधी वेळ कमी आहे, म्हणून क्रम सांगतो. आधी फक्त एकतर्फी पाठवणं सुरू करा, तेही दोन-तीन सोसायट्यांसाठी, आणि ती मुलगी जे हाताने भरते ते तिलाच आठवडाभर ताडून बघू द्या. कुठली तक्रार कुठे जाते हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मग स्थिती परत आणा. फोटो आणि संदेशाचं फील्ड त्यानंतर. अडकलेल्या ओळींची यादी अ‍ॅडमिनमध्ये पहिल्या दिवसापासून दिसू द्या, आणि कुठलीही ओळ अर्ध्या तासापेक्षा जास्त अडकली की ऑफिसला मेल जाऊ द्या. रेडमाईनची नवी आवृत्ती टाकायची असेल तर हे सगळं आधी डॉकरमधल्या वेगळ्या रेडमाईनवर चालवून बघा. वर लिहिलेल्या तपासण्या, म्हणजे बंद तिकिटाचा शोध, फिल्टरची खूण, २०४ नंतरचं पुन्हा वाचणं, इमोजी आणि खासगी शेरा, यांच्या चाचण्या लिहून ठेवल्यात तर ते काम एका दुपारचं आहे.